रुखवतातला सेनापती

सेनापती ड्राव्हेक पाटावर मांडी घालून बसला होता. कमरेला पिवळाधमक पीतांबर, कपाळाला मुंडावळ्या, गळ्यात शेवंतीच्या कळ्यांचा हार. शेजारी हिरव्या शालूतली, गोल गरगरीत तोंडाची कापडी नवरी. समोर लाल जिलेटीनच्या कागदाचा होम आणि होमापलीकडे सुपारीचे भटजी.

"नवरदेव काय रुबाबदार आहे हो!" माझ्या बहिणीच्या सासूबाई, विमलताई देवस्थळी, चष्मा नाकावर ओढून म्हणत होत्या. "बसलाय बघा कसा, पाठ ताठ ठेवून. आमचा पराग सकाळपासनं पोक काढून बसलाय. बाकी रुखवत कुठंही ठेवा, हा मात्र आमच्या साताऱ्याच्या शोकेसात मधोमध जाणार."

माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. ते खाली कसं पडलं नाही देव जाणे.

आता हा ड्राव्हेक कोण, ते सांगायला हवं. एका इंग्रजी चित्रपटातला हा खलनायक. अर्धा चेहरा भाजलेला, अंगात काळा झगा, हातात तलवार, आणि स्वभाव असा की चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासात गडी तीन ग्रह बेचिराख करतो. परदेशातल्या एका कंपनीनं त्याच्या फूटभर उंचीच्या मोजक्याच प्रतिकृती काढल्या होत्या. त्यांना खेळणं म्हटलंत तर शौकीन मंडळी तुमच्याशी बोलणं टाकतील. तीसेक सांधे, कपडे खऱ्या कापडाचे, डोळे ओले वाटावेत असे रंगवलेले, वेगवेगळ्या मुद्रांचे बदली हात. किमतीचं म्हणाल तर त्यात तेव्हा बऱ्यापैकी मोटारसायकल आली असती.

आणि मी कोण? मी हेरंब गुळवणी, वय सत्तावीस, इंजिनिअरिंग रडतखडत संपवलेला. मला दुसरं काही धड येत नव्हतं, पण अशी प्रतिकृती हातात दिली की ती अस्सल की नक्कल, कुठं रंग पुन्हा मारलाय, कुठला सांधा बदललाय, हे मी बिनचूक सांगायचो. इंटरनेटवर त्याबद्दल पानंच्या पानं लिहायचो. मुंबई-पुण्याचे लोक फोटो पाठवून माझा सल्ला घ्यायचे. आमच्या बाबांच्या मते मी बाहुल्या खेळत होतो. त्यांचं सांगलीत खतं-औषधांचं दुकान. "मृणालचं लग्न उरकू दे, दुसऱ्या दिवसापासनं गल्ल्यावर बसायचं," असं त्यांनी मला बजावून ठेवलेलं. त्या फवारणीच्या औषधांच्या वासानं मला लहानपणापासून मळमळतं. आयुष्यभर त्या वासात बसायच्या कल्पनेनं माझी झोप उडाली होती.

यातनं सुटायची एकच वाट होती. कोल्हापुरात डॉ. उपळेकर म्हणून दातांचे डॉक्टर होते. या छंदातला फार मोठा माणूस. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ते आपल्या संग्रहाचं दालन उघडत होते आणि ते सांभाळायला त्यांना जाणता माणूस हवा होता. परीक्षा म्हणून त्यांनी ड्राव्हेकचा खोका माझ्या हवाली केला.

"दहा वर्षांपूर्वी घेतलाय," ते म्हणाले होते. "सील अजून फोडलेलं नाही. अस्सल आहे की नाही तेवढं सांग. सांगितलंस तर जागा तुझी."

"उघडून बघतो, सर."

"छे छे! उघडलास की निम्मी किंमत गेली. न उघडता सांग."

न उघडता! मी आपला तो खोका वजनकाट्यावर ठेव, भिंगातून चिकटपट्टी बघ, छपाईचे ठिपके तपास, असं करत बसलो. खात्री काही होईना. डॉक्टर लग्नाच्या दिवशी कामाला सांगलीत येणार होते, तेव्हा कार्यालयातच खोका आणि निकाल दोन्ही घेऊन जातो म्हणाले. तोवर मी तो माझ्या खोलीत कपाटावर नीट झाकून ठेवला. आणि लग्नघरात माझी खोली दिली गेली कुंदामावशीला, रुखवताची तयारी करायला. मला आत पाऊल टाकायची सोय राहिली नाही.

तर पेढ्यांचं ताट कुणाच्या तरी हातात कोंबून मी कार्यालयाच्या कोठीत धावलो. कुंदामावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, तिथं बसून विड्यांची पानं पुसत होती. इचलकरंजीहून खास रुखवतासाठी आलेली. आमच्या नात्यातलं एकही रुखवत तिच्याशिवाय मांडलं गेलेलं नाही.

"मावशी, तो नवरदेव कुठनं आणलास?"

"तुझ्या कपाटावरनं. अरे, देवासारखा धावून आला बघ! माझ्या बाहुल्याची मान गाडीतच मोडली. बिनमानेचा नवरा मांडू होय मी?"

"सील फोडलंस?"

"मग काय खोक्यासकट होमाला बसवू? काय तरी बोलतोस! आणि एवढी देखणी वस्तू अशी डांबून ठेवतात? जीव गुदमरला असेल त्याचा." तिनं आणखी एक पान पुसलं. "पहिल्यांदा तो काळा झगा उतरवला बाई. लग्नात काळं! मग बूट काढले. होमापुढं बूट घालून बसलं तर विहीणबाई काय म्हणतील? गाल भाजलाय ना त्याचा एका बाजूनं, तिकडं मुंडावळ्या दाट सोडल्या. कळत पण नाही. आणि हात बदलता येतात त्याचे, तुला ठाऊक आहे? मुठी काढून उघडे तळवे बसवले. करणाऱ्यानं किती विचार केलाय रे!"

"मावशी, खोका कुठाय?"

"तो काय, तिकडं. बुंदीचे लाडू भरलेत त्यात, मुलाकडं न्यायला. घट्टमुट्ट खोका आहे हो, आवडला मला."

मी तिकडं धावलो. खोक्याच्या झाकणावर ड्राव्हेकचं चित्र होतं, आणि त्याच्या भाजलेल्या गालावर तुपाचा डाग हळूहळू पसरत चालला होता. शौकिनांच्या जगात खोका म्हणजे निम्मा जीव. मला रडू यायचंच बाकी राहिलं.

मग मी बाबांना गाठलं. ते मांडवाच्या दाराशी उपरण्यानं घाम पुसत उभे होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी निम्मं ऐकलं.

"म्हणजे रुखवतातली वस्तू परत मागायची म्हणतोस?"

"ती आपली नाहीच, बाबा. कोल्हापूरच्या डॉक्टरांची आहे."

"कुठले डॉक्टर? कोण आजारी आहे?"

"कोणी नाही! बाबा, ऐका तरी..."

"तू ऐक. सकाळी चहा गार आला म्हणून विहीणबाई एकदा रुसून झाल्यात. खोलीला ऊन लागतं म्हणून दुसऱ्यांदा. आत्ता कुठं त्या रुखवतापुढं हसल्यात. मांडलेलं रुखवत मुलाकडचं. त्यातली सुईसुद्धा परत मागायची नसते. तू ते बाहुलं उचल, आणि त्या जन्मभर मृणालला ऐकवतील, भावानं दिलेलं काढून नेलं म्हणून. चालेल तुला?"

मला नव्हतं चालणार. मृणाल माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठी. माझे इंजिनिअरिंगचे नापास झालेले निकाल तिनंच बाबांना सांभाळून सांगितलेत, दरवेळी. तिच्या संसाराच्या पहिल्याच दिवशी माझ्यापायी मिठाचा खडा पडायला नको होता. पण डॉक्टर? त्यांना काय सांगणार? तुमचा माल साताऱ्याला सासरी गेला?

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मृणाल पराग देवस्थळीची झाली. मी हसत होतो, फोटोत उभा राहत होतो, आणि डोळे सगळे दाराकडे. पंगती बसल्या आणि डॉ. उपळेकर आत आले. उंच, शिडशिडीत, पांढरा सफारी, खिशाला पेनाशेजारी दात बघायचा तो छोटा आरसा. तो त्यांच्या खिशात कायम असायचा.

"अभिनंदन, अभिनंदन! कुठाय आपला गडी?" असं म्हणत ते माझ्याबरोबर चालू लागले आणि रुखवताच्या टेबलाशी येऊन थबकले.

त्यांनी टेबलाला एक चक्कर मारली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "हेरंब, हा बाहेर आहे."

"हो, सर."

"यानं पीतांबर नेसलाय."

"हो, सर."

"याचं लग्न झालंय."

"मघाशीच झालं, सर."

"खोका?"

"लाडू आहेत त्यात. बुंदीचे."

डॉक्टर शेजारच्या खुर्चीवर बसले. एखाद्या पेशंटला अक्कलदाढ काढायला सांगितल्यावर तो बसतो तसे. मी जे झालं ते सगळं सांगून टाकलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. ऐकता ऐकता त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला, आरसा निघाला, आणि ते वाकून मुंडावळ्यांच्या मागं डोकवायला लागले.

"ओ! रुखवताला हात लावायचा नाही हं!" विमलताई जेवण अर्धं टाकून आल्या होत्या. त्या साताऱ्याच्या एका बँकेत लॉकरच्या विभागात हयात काढून निवृत्त झालेल्या. त्यांच्या नजरेसमोरून कुठली वस्तू हलणं शक्यच नव्हतं. "कोण आपण?"

"मी याचा मालक," डॉक्टर म्हणाले.

"नवरदेवाचा मालक? हे नवीनच ऐकतेय. रुखवत मुलीकडच्यांनी आम्हाला दिलंय."

"बाई, हा दहा वर्षं माझ्या कपाटात होता!"

"तेच म्हणते मी. आता आमच्या कपाटात राहील."

बघता बघता गर्दी जमली. हात धुवायला निघालेले लोक हात न धुता उभे राहिले. कुंदामावशी विड्यांचं तबक घेऊन पोचली. बाबांनी मला दंडाला धरून खांबाआड ओढलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नक्कल आहे म्हण," ते कुजबुजले.

"काय?"

"नकली आहे, दोन कवडीचं आहे, असं म्हण. डॉक्टर नाद सोडतील, विहीणबाईंचं बाहुलं त्यांना राहील, पोरीला ऐकून घ्यावं लागणार नाही. तू सांगितलंस तर डॉक्टर ऐकतील. तुझंच ऐकतील ते."

माझं कुणी ऐकेल असं बाबा जन्मात पहिल्यांदा म्हणाले, आणि तेही खोटं बोलायला सांगताना. मला वाईट वाटलं आणि छातीही फुगली, दोन्ही एकदमच. पलीकडे पंगतीत परागच्या शेजारी बसलेली मृणाल माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी तरारलेलं. आणि खरं सांगू, बाबांची युक्ती बिनतोड होती. नक्कल म्हटलं असतं तरी माझी नोकरी जात नव्हती. परीक्षकाचं काम परीक्षा करणं, निकाल कसा का लागेना. सगळ्यांचंच भलं होत होतं. नक्कल म्हणायचं असं ठरवूनच मी टेबलाशी गेलो.

"थांबा," मी म्हणालो. "आधी वस्तू काय आहे ते बघू. विमलताई, फक्त बघतो, नेत नाही."

"माझ्यासमोर बघायची," विमलताई म्हणाल्या.

मी डॉक्टरांकडून आरसा मागून घेतला आणि ड्राव्हेकला पाटावरून उचललं. हातात घेतलं आणि पंचाईत झाली. एवढे दिवस मी त्याचा पुठ्ठा चाचपत होतो, आता तो स्वतः माझ्या तळहातावर होता. मुंडावळ्या बाजूला सारल्या. भाजलेल्या गालावर वरून रंग फासलेला नव्हता, कातडीच्या आतून बारीक शीर गेली होती, आणि ती जबड्याखाली पोचता पोचता पुसट होत होती. नक्कल करणारे गालावर थांबतात. जबड्याखाली कोण बघणार म्हणून सोडून देतात.

"गाल चांगला आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

खांबाआडून बाबा खोकले.

गुडघा वाकवला. मांडी घालून इतका वेळ बसलेला, तरी सांधा सैल नाही, आवाज नाही. "झगा कुठाय?" मी विचारलं. कुंदामावशीनं कमरेचा बटवा सोडला आणि त्यातनं घडी घातलेला काळा झगा काढून माझ्या हातात दिला. काठात तार होती, केसासारखी बारीक. वाऱ्यावर फडफडतोय असा तो हवा तसा उभा राहायचा. बाबा पुन्हा खोकले, या वेळी जोरात.

"आणि बूट?"

मावशीनं बटवा तबकात उलटा केला. सुपारी, दोन वेलदोडे, लवंगा, आणि अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठे नसतील असे दोन काळे बूट. एका बुटात लवंग अडकली होती, ती तिनं काडीनं काढून दिली. मी बूट पालथा करून आरसा धरला. तळव्याच्या खाचेत कंपनीची खूण होती, जशी हवी तशी, आणि खाली अंक. आमच्या छंदात या खुणेसाठी लोक एकमेकांच्या उरावर बसतात.

सगळे माझ्याकडे बघत होते. दोन घरांची माणसं, वाढपी, सनईवाला, सगळे. मी 'नक्कल' म्हणायला तोंड उघडलं. आणि शप्पथ सांगतो, तो शब्द काही केल्या बाहेर पडेना. ज्यानं त्या जबड्याखाली शीर रंगवली होती त्या माणसाला मी कधी बघितलं नव्हतं, बघणारही नव्हतो, पण त्याच्या तोंडावर असं बोलणं माझ्याच्यानं होईना.

"अस्सल आहे," मी म्हणालो. "शंभर टक्के."

"मेलो!" बाबांचा आवाज आला.

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांच्या फटीतून त्यांचे डोळे दिसत होते आणि ते भरून आले होते. "दहा वर्षं," ते म्हणाले. "दहा वर्षं मी त्या खोक्याकडं बघतोय हो. आत दगड असला तर, या भीतीनं उघडला नाही. किंमत-बिंमत सगळं सांगायला. भीती वाटायची मला."

"आणि आमची नवरी?" विमलताईंनी एकदम विचारलं. "तिचंही सांगा की, परीक्षक."

आता कुंदामावशी समोर उभी. पण एकदा खरं बोलायची चटक लागली की आवरत नाही. मी नवरीला उचललं. "नाक वाकडं आहे. कापूस एका अंगाला जमलाय. डावा हात उजव्यापेक्षा लांब आहे."

"कार्ट्या!" मावशी म्हणाली. "तुझ्या मुंजीत मीच राबले ना रे?"

"पण शालूचा काठ हातानं विणलाय, आणि असा काठ मी कुठल्याही कंपनीच्या बाहुलीवर अजून बघितलेला नाही."

विमलताईंनी काठ डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि डॉक्टरांकडे वळल्या. तिकडं मृणाल पानावरून उठून उभी राहिली होती.

"हे बघा डॉक्टर," विमलताई म्हणाल्या, "हा मुलगा नक्कल म्हणाला असता तर मी बाहुला घेऊन गेले असते आणि पुन्हा विचारसुद्धा केला नसता. नकली वस्तू कुणाचीच नसते. अस्सल आहे म्हणजे कुणाची तरी आहे. माझ्या नोकरीत परक्याची वस्तू मी एक दिवस कधी ठेवून घेतली नाही, आता कशाला ठेवू?"

"म्हणजे न्यायची परवानगी आहे?" डॉक्टर उभेच राहिले.

"एकट्याला नाही. लग्न लागलंय त्याचं, दोन्ही घरच्या माणसांसमोर. मुलगी मागं ठेवून मुलाला घेऊन जाल? असं कुठं असतं? जोडीनं न्या. आणि दिवाळसणाला जोडीनं साताऱ्याला आणा. आमची लेक आहे ती आता."

कार्यालयभर हशा उसळला. डॉक्टरांनी सेनापतीला माझ्या हातून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आधी भीत भीत कोपर वाकवलं. ते वाकलं. मग दुसरं. मग त्याचे उघडे तळवे जुळवून त्यांनी तीन ग्रह बेचिराख करणाऱ्या त्या गड्याला विमलताईंसमोर नमस्कार करायला लावला.

"औक्षवंत व्हा," विमलताई म्हणाल्या, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

जाताना डॉक्टरांनी खोकाही मागितला. मावशी लाडू काढायला लागली, तर "राहू देत" म्हणाले, एक तोंडात टाकला आणि झाकणावरच्या तुपाच्या डागाकडे बघून नुसती मान हलवली. मला म्हणाले, "सोमवारी ये. आधी सगळे खोके उघडायला बसू." मी त्यांच्याकडे जी नोकरी धरली, ती आजतागायत.

पाठवणीच्या वेळी बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत हात हलवत राहिले. सगळे आत गेले तरी आम्ही दोघं रस्त्यातच. मला वाटलं, आता माझी पूजा बांधतात. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि गाडी गेली त्या दिशेला बघतच विचारलं,

"हेरंब, तुला काय वाटतं रे? पोरगा कसा आहे? जे असेल ते खरं सांग. तू खोटं सांगणार नाहीस."

मी परागचा विचार केला. जेवताना मृणालच्या डोळ्यांत पाणी बघून त्यानं पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला होता, आणि आई बघतेय म्हटल्यावर लगेच हात मागं घेतला होता. मग पुन्हा सरकवला होता.

"चांगला आहे, बाबा," मी म्हणालो. "आईला फार घाबरतो. पण चांगला आहे."

बाबा रडता रडता हसायला लागले. "मीही घाबरायचो," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून आत चालू लागले.